त्रिवेणीवर सोडलेले बूट

इंदूरहून उज्जैनला येताना नानाखेड्याच्या अलीकडे त्रिवेणी संगमाचा घाट लागतो, आणि शनिश्चरी अमावस्या असली की रस्ता तिथंच संपतो. डांबर पुढं असतं, पण त्यावर अख्खा माळवा उभा असतो. आज मी तशी अडकले आहे. मागच्या सीटवर आई, डोळ्यांत थेंब घालून मान मागं टाकून बसलेली. तिच्या डोळ्यांसाठीच इंदूरला गेलो होतो. शेजारी आमच्या कॉलनीतले चौरसिया अंकल, ज्यांना परतीच्या वाटेत सोबत घ्यायचं मी कबूल केलं आणि तेव्हापासून त्यांच्या जावयाची कथा ऐकते आहे. आणि काचेपलीकडं, घाटाकडं उतरणाऱ्या वाटेवर, चपलांचा ढीग. ढीग म्हणजे काय सांगू, हिमालयात जाणाऱ्यांनी आधी इथं येऊन सराव करावा असा. काच बंद आहे तरी वास आत येतो: भिजलेलं रबर, कुजकट रेक्झिन, आणि सगळ्यांवर पसरलेलं सरसोंचं तेल.

इथली रीत अशी की शनीच्या अमावस्येला त्रिवेणीवर न्हायचं, अंगावरचे जुने कपडे आणि पायातलं जे काही असेल ते तिथंच सोडायचं. पनौती त्यांच्याबरोबर राहते. आपण नवं नेसून घरी यायचं आणि येताना मागं वळून बघायचं नाही.

फोन समोर उभा करून ठेवला आहे. आत्ता या घडीला इंग्लंडमध्ये इरू पळणार आहे. ब्रिटनचा संघ निवडायची शर्यत, आणि तिच्या वयाच्या बायका आता पळत नाहीत, कोट घालून टीव्हीवर दुसऱ्यांच्या पळण्याबद्दल बोलतात. पडद्यावर मात्र एक पांढरं वर्तुळ फिरतंय. लाखो माणसं एकाच टॉवरला लोंबकळली आहेत. वर्तुळाच्या इतक्या प्रदक्षिणा झाल्या की आता त्याला पुण्य लागायला हरकत नाही.

इरू म्हणजे इरावती, माझ्या कुमुदआत्याची मुलगी. आत्या लग्न होऊन लेस्टरला गेली, इरू तिथं जन्मली. तिकडच्या शाळांना सुट्टी पडायची ती आपल्या श्रावणात, त्यामुळं माझ्या लहानपणीचा श्रावण म्हणजे इरू. ओल्या कपड्यांना न जाणारा कुबट वास, जिरावण मसाला टाकलेले पोहे, महाकालाच्या सवारीच्या सोमवारी रस्त्यावर चुरगळलेला झेंडू, आणि त्या सगळ्यात उकळलेल्या पाण्याची बाटली गळ्यात अडकवून फिरणारी ही लांब पायांची पोर. तिचं मराठी आत्यानं तिकडं नेलेलं, बरणीत घालून ठेवल्यासारखं जुनं. ती म्हणायची, "मामी, किंचित मीठ वाढता का?" आणि आम्ही इथले, ज्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी होते, म्हणायचो, "अरे यार, नमक दे ना." पूर्वज कारकून होते. मी सांगते तेव्हा सरदार असतात.

पळायची मात्र. देवाशपथ सांगते, ती पळाली की तिची सावली मागं राहायची आणि थोड्या वेळानं धापा टाकत यायची. भैरवगढ़हून आई छापील चादरी आणायची, नव्या कोऱ्या, रंगाचा आंबूस वास असलेल्या. त्या गच्चीवर वाळत घातल्या की आम्ही दोघी एकेक चादर खांद्याला बांधून या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत धावायचो. माझी चादर पायात यायची. तिची आडवी तरंगत राहायची, हवेत, नदीवर आलेल्या पक्ष्यासारखी. नंतर दिवसभर आमच्या मानेला लाल-निळा रंग लागलेला असायचा आणि आई गॅसच्या धगीत उभी राहून म्हणायची, घोड्यांनो, त्या चादरी पाहुण्यांसाठी होत्या.

रामघाटावर तर तिनं कहर केला. पंड्यांच्या छत्र्या ओळीनं लावलेल्या, खाली यजमान बसलेले, आणि ही अनवाणी या छत्रीपासून त्या छत्रीपर्यंत. ओल्या फरशीवर तिच्या तळव्यांचा आवाज यायचा, पापड भाजताना येतो तसा, बारीक आणि घाईचा. एका पंडाजींनी संकल्प सांगताना यजमानाचं गोत्र उच्चारायला तोंड उघडलं आणि मिटेपर्यंत ही जाऊन परत आली होती. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल. पंडाजी हयात नाहीत, त्यामुळं गोष्टीला बाध येत नाही.

मग श्रावण येत राहिले आणि इरू यायची थांबली, कारण तिला सुट्टीत शिबिरं असत. पुढं तिच्या बातम्या येऊ लागल्या. ज्युनिअर मुलींत पहिली. ब्रिटनच्या संघाची बंडी मिळाली. खांद्यांवर त्यांचा झेंडा पांघरलेला फोटो आत्यानं पाठवला, तो बाबांनी मोठा करून घेतला आणि रिकामा खिळा दिसला तिथं टांगला. तो खिळा आजोबा-पणजोबांच्या रांगेत होता. चौरसिया अंकल दिवाळीला आले, रांगेतून एकेकाला हात जोडत गेले, इरूच्या फोटोपाशी थबकले आणि कळवळून म्हणाले, "ये कब हुआ? इतनी छोटी उमर में?" बाबांनी त्याच दिवशी फोटो टीव्हीवर हलवला.

आत्याच्या फोनवरून आम्हाला इरूचा हंगाम कळायचा. इरू जिंकली की आत्या शर्यतीचं बोलायची. हरली की हवेचं. एका वर्षी आत्या सहा महिने फक्त हवेबद्दल बोलली, लेस्टरला पाऊस आहे, धुकं आहे, झाडं निष्पर्ण झालीत; तेव्हा आम्ही समजलो की इरूच्या मांडीमागचा स्नायू फाटलाय. मग ती उठली, रिलेत पळाली, चौघींनी मिळून एक मोठं पदक आणलं. मी सांगताना बाकीच्या तिघींना गाळत असे. पुन्हा स्नायू, पुन्हा धुकं. वृत्तपत्रात तिचं नाव येईनासं झालं, संघातून वगळलं, आणि लोकांनी तिला विसरायचं ठरवलं तेवढ्यात ती एकटीच्या शर्यतीसाठी, जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला, निवडली गेली.

शर्यतीच्या दुपारी आमच्या बैठकीत जे जमले ते मोजता येण्यासारखे नव्हते. मी भाड्यानं प्रोजेक्टर आणला. भिंतीवर पांढरी चादर. कचोऱ्यांचा वास जिन्यापर्यंत. प्राथमिक फेरी होती, पण मी कॉलनीत अंतिम सांगितली होती, नाहीतर येतंय कोण. भिंतभर इरू दिसली. ओळखू येईना इतकी मोठी, खांदे पिळदार, केस घट्ट बांधलेले. ती वाकली, पाय टेकवले, बोटं रेषेवर ठेवली. मी मोठ्यानं सांगत होते, हीच ती, रामघाटवाली. मग एक ठो झाला, लगेच दुसरा झाला, सगळ्या थोड्या पळून थांबल्या आणि परत आल्या. एक माणूस लाल कार्ड घेऊन इरूसमोर उभा राहिला. बंदुकीच्या आधी ती हलली होती, पापणी लवते त्याहून कमी. तेवढ्यावर बाहेर काढतात. तिनं काही वाद घातला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि चादरीच्या सुरकुतीतून चालत बाहेर गेली.

कुणीतरी विचारलं, जीत गई क्या? चौरसिया अंकल हळूच म्हणाले, "बिटिया तो दौड़ी ही नहीं." माझे कान तापले. आणि मला जे येतं ते मी केलं. मी उभी राहून सांगितलं की हलणं पकडणारं मशीन खराब होतं. तिकडं असं होतं, मोठं राजकारण असतं, तक्रार केली आहे, परत पळवतील. बोलता बोलता मी त्या मशीनला जर्मन केलं आणि त्यात पाणी घातलं. लोकांनी माना डोलावल्या, कचोऱ्या कागदात बांधून घेतल्या आणि दबक्या पावलांनी गेले, जसे मयताच्या घरून जातात.

त्या वर्षी मार्गशीर्षात इरू अचानक आली. एकटी, पाठीवर एकच पिशवी. तिला कुणाला भेटायचं नव्हतं, फक्त झोपायचं होतं. रिक्षातून उतरतेय तर फाटकाशी चौरसिया अंकल. माणूस मनानं निर्मळ. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बिटिया, वो मशीन ठीक हुई कि नहीं?" इरूनं माझ्याकडं पाहिलं. मी रिक्षावाल्याशी उगाच भांडायला लागले.

ती आठवडाभर राहिली आणि आम्ही दोघी एका घरात एकमेकींना चुकवत होतो. मी चहा ठेवायला गेले की ती गच्चीवर. ती गच्चीवरून आली की मला बाजारात काम. ती उन्हात गुडघे पोटाशी घेऊन बसायची, नुसती. तिच्या पिशवीत ते खिळ्यांचे बूट होते, तिच्या पायाचा साचा घेऊन बनवलेले, हलके, एखाद्या वाळलेल्या सालीसारखे. ती ते बाहेर काढायची, बघायची, परत ठेवायची. घरात कुणी विचारलं नाही की पुढं काय. आई तर जिन्यात आवाज न करता चालायला लागली.

आईनं तिच्या परीनं कारण शोधलं. साडेसाती. एवढी मेहनती पोर, एकदा स्नायू, एकदा लाल कार्ड. शनीशिवाय कोण करणार. आणि नेमकी त्या शनिवारी अमावस्या आली. आईचं म्हणणं पडलं की पनौती पायात असते, म्हणून चपला सोडतात. इरूची पनौती तर उघडच कुठं आहे ते दिसतंय. ते बूट त्रिवेणीवर सोडायचे.

इरूनं मला विचारलं. आठवड्यात पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून, की याने होतं काही? मी म्हणाले, होतं म्हणजे काय, एक लंगडा माणूस इथं चप्पल सोडून गेला तो देवासपर्यंत पळत गेला. ती हसली नाही. बूट उचलून म्हणाली, चल मग.

सकाळ अशी गार होती की शब्द तोंडाबाहेर येताच गोठत होते. घाटावर फवारे लावलेले, त्यांखाली बायका कुडकुडत देवाचं नाव घेत होत्या. पाण्याला गंज आणि शेवाळाचा वास. इरू न्हाली, आईनं आणलेला सलवार-कुर्ता घातला, आणलेल्या नव्या गुलाबी रबरी चपला घातल्या. मग ते बूट तिनं ढिगाच्या कडेवर ठेवले. टाकले नाहीत, जोडीनं ठेवले, टाचेला टाच लावून. आई म्हणाली, आता मागं बघायचं नाही, आणि आम्हाला पुढं घालून शनीच्या देवळाच्या रांगेत नेलं. तेलाच्या पणत्यांचा धूर डोळ्यांत जात होता. डोळ्यांना पाणी आलं, मला वाटलं धुरानं आलंय.

रांग हलेना. मी आईला सांगितलं की स्कूटरची किल्ली विसरले आणि ढिगाकडं निघाले. तोपर्यंत पालिकेच्या माणसांनी फावड्यानं ढीग मागं लोटला होता. जिथं बूट होते तिथं आता कुणाच्या तरी भिजलेल्या विजारी होत्या. मी ओढणी कमरेला बांधली आणि आत शिरले. खरं सांगते, गुडघ्यापर्यंत बुडाले. झिजलेल्या चपला, अंगठा तुटलेल्या, लहान मुलांचे शिट्टी वाजणारे बूट. हात घालीन तिथं दुसऱ्याची साडेसाती. झाडूवाली बाई झाडूवर हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, "दीदी, लोग छोड़ने आते हैं, आप बटोरने आई हो?" आजूबाजूचे हसले. दोन बायकांनी मला बघून पदर सावरला, माझी पनौती उडून लागेल म्हणून. मी उज्जैनमध्ये जन्मले, वाढले, निम्मं गाव मला नावानं ओळखतं, आणि त्यातलं निम्मं त्या वेळी तिथं होतं.

मी मान खाली घालून उचकत राहिले. तेव्हा ढिगाच्या पलीकडच्या अंगाला मला गुलाबी चपला दिसल्या. नव्या. वर बघितलं तर इरू, कोपरापर्यंत हात चपलांमध्ये.

आम्ही दोघी चोर सापडावेत तशा उभ्या राहिलो.

"मामीला सांगितलं बाथरूमला जाते," ती म्हणाली.

"मी किल्ली सांगितली."

ती पुन्हा वाकली. खाली बघूनच बोलायला लागली. "सगळे म्हणतात आता पुरे. आई म्हणते, कोच म्हणतो. मलाही वाटलं, इथं सोडलं की सुटेल. रांगेत उभी राहिले आणि पाय ऐकेनात. मला अजून पळायचंय ग. या वयात, इतकं होऊनसुद्धा. हरण्याची नाही एवढी याची लाज वाटते."

मी, जी गोत्र उच्चारेपर्यंत तिला घाट पार करवते. मी म्हणाले, पळ मग. तो शब्द अगदी पिचका निघाला.

"मशीन चांगलं होतं," ती म्हणाली. "मी आधी हलले."

"माहीत आहे."

"तू ते सांगितलंस ना सगळ्यांना, तेव्हा मला कळलं, माझं जिंकणं तुमच्या भिंतीवर लागतं. हरणं घरात ठेवण्यासारखं नाही. मग मी इथं येऊनही कुठं बसायचं?"

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती थकलेली होती, आणि हात चपलांमध्ये चालूच होते. पलीकडं फवाऱ्याखाली कुणीतरी लहान मूल थंडीनं किंचाळत होतं. माझ्या नखांत काळं तेल गेलं होतं. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या लोकांसमोर चपला उपसताना मला जी लाज वाटत होती, ती या लाजेपुढं सणाच्या दिवशी नवं लुगडं नेसल्यासारखी होती.

बूट मिळाले नाहीत. ट्रॉली आली, माणसं फावड्यानं भरायला लागली, आणि झाडूवाली आम्हाला म्हणाली की बस करो, घर जाओ. आम्ही नळावर हात धुतले. वास गेला नाही. रांगेत आई तशीच उभी होती, हातात तेलाची वाटी. तिनं आमच्या कोपरांकडं बघितलं, सलवारीच्या पायांकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली की तेल सांडेल, धरा. घरी आल्यावर दोघींना कढत पाण्यानं पुन्हा न्हायला लावलं, गूळ-तूप वाढलं, आणि इरूच्या पाठीवर बराच वेळ हात फिरवत राहिली, जणू तिथं काही लिहिलेलं होतं ते पुसायचं होतं.

इरू परत गेली. नवे बूट घेतले की नाही मी विचारलं नाही. पण पुढच्या हिवाळ्यात आत्याचा फोन आला आणि ती हवेबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, पहाटे उठून जाते बाई, काय करायचं ते तिला माहीत. त्यानंतरचे हंगाम छोट्या मैदानांवरचे. प्रेक्षकांत सोबत्यांचे आईबाप आणि एखादा कुत्रा. कधी दुसरी, कधी शेवटून दुसरी. मला ते सगळं कळत होतं, आणि कॉलनीत कुणी इरूचं विचारलं की माझी जीभ तोंडात इकडून तिकडं फिरायची, जुन्या सवयीनं, आणि मग मी विषय बदलायची. खोटं सोडलं होतं. खरं अजून बाहेर येत नव्हतं. लाजेनं माणूस मुका होतो, पण मुका झाला म्हणून सुधारला असं नाही.

आता ऊन कललंय. ढिगावर कावळे बसलेत. एक म्हातारा आपल्या वहाणा काढतो आहे, एका पायावर डुगडुगत, मुलाचा खांदा धरून, आणि काढल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला तो मला या काचेतून स्पष्ट दिसला. काहींचं सुटतं. हे मी वाढवून सांगत नाही.

गाडी वीतभर पुढं सरकली. तेवढ्या वितेत कुठूनतरी नेटवर्क आलं. शर्यत नाही दिसली, ती होऊन गेली होती. इरूचा निरोप पडद्यावर आला: पाचवी. निवड नाही. पाय ठीक. उद्या फोन करते.

मी तो पुन्हा वाचला. पाचवी. आठ जणींत पाचवी. माझ्या डोक्यात, मी न बोलावता, वारा सुरू झाला, उलटा, तिच्याच लेनमध्ये. मग मैदान ओलं झालं. शेजारचीनं धक्का दिला. मी फोन पालथा ठेवला.

आईनं मागून डोळे न उघडता विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती हं म्हणाली. मग म्हणाली, पडली नाही ना? मी म्हटलं, नाही, पाय ठीक आहे.

चौरसिया अंकलनी जावई मध्येच सोडला आणि माझ्याकडं वळले. "क्या रहा? बिटिया की ख़बर है?"

"पाँचवीं आई," मी म्हणाले. कान तापले, गळ्यातून आवाज निघाला तो वाऱ्यानं पान हलावं एवढाच. बाहेर हॉर्न, लाउडस्पीकर, हजार माणसं. अंकल माझ्या तोंडाकडं बघत राहिले, पुढचं येईल म्हणून.

"जोरात सांग," आई मागून म्हणाली. "त्यांना ऐकू नाही आलं."

मी काच खाली केली, गर्दीचा सगळा गलका आत आला, आणि मी जोरात सांगितलं.